पहिल्या फेरीचा निबंध

माझ्या नातीला बारावीनंतर एका लांबच्या, मोठ्या नावाच्या विद्यापीठात जायचं होतं. तिथं हजारो पोरं अर्ज करतात अन् मोजकीच घेतात. त्यात एक पहिली फेरी असते. दिवाळीच्या आसपास अर्ज करायचा, बोर्डाची परीक्षा व्हायच्या आधीच ते हो की नाही सांगून टाकतात. मात्र हो म्हणाले तर मग दुसरीकडे जायचं नाही, तसं लिहून द्यावं लागतं. मला ते सोयरिकीसारखं वाटलं. पसंती आली की शब्द फिरवायचा नाही. एवढं कळलं, बाकी काही कळलं नाही. मी चौथीतून उठलेला माणूस.

आमच्या गावात असलं कोणी केलेलं नव्हतं, म्हणून मुलगा तिला बुलढाण्याला एका सल्ला देणाऱ्या मास्तरकडे घेऊन गेला. मीही सोबत गेलो. घरी एकटा बसून काय करणार होतो? बायको जाऊन दोन महिने झाले होते.

मास्तर म्हणजे तिशीतला पोरगाच. त्यानं नातीला दहावीचे मार्क विचारले, अकरावीचे विचारले. स्पर्धा, खेळ, समाजकार्य, एकेक विचारत गेला अन् लॅपटॉपवर बोटं मारत गेला. मग म्हणाला, "चाळीस टक्के चान्स आहे."

मी विचारलं, "हे कशावरून?"

"अनुभव, आजोबा."

पावसाचा अंदाज सांगणारा माणूसही एकदा आभाळाकडे बघतो. यानं पोरीच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

मग तो मुलाकडे वळला. "घरात काही घडलंय का? काही दुःख, संघर्ष? अर्जासोबत निबंध द्यावा लागतो, त्यात त्यांना तेच लागतं."

मुलानं मान खाली घातली. "आमची आई गेली. श्रावणात."

"यंदाच्या?"

"हो."

"म्हणजे अगदी ताजं आहे. उत्तम!" मग त्याचं त्यालाच कळलं. "म्हणजे वाईट झालं हो, फार वाईट. पण निबंधाला उत्तम आहे. शिकलेल्या होत्या?"

"सही येत होती."

"सहीचं सोडा. कशानं गेल्या? दवाखाना लांब पडला का?"

"छातीत दुखलं. अँब्युलन्स उशिरा आली."

पोरग्यानं टेबलावर हात मारला. "झालं! पंचावन्न टक्के. नीट लिहिलं तर साठ."

माझ्या तोंडात थुंकी जमा झाली. थुंकायला जागा नव्हती, सगळीकडे चकचकीत फरशी. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतो. तो परवडला. तो निदान मेलेलं जनावर बाजारात आणत नाही.

परतीच्या एसटीत मी मुलाला म्हटलं, "त्याच्या तोंडात शेन घालाले पाह्यजे होतं."

"बाबा, जाऊ द्या ना. पोरीचं भलं होऊन राह्यलं तर तुमचं काय जाते?"

"तुही माय हाये ते. टक्के नाई."

"माय असती तर तिनंच म्हनलं असतं, लिही म्हनून. नातीसाठी तिनं काय केलं नसतं?"

हे मात्र खरं होतं. नातीच्या अभ्यासावर आमच्या घरात जर कोणाचा पहारा होता तर तिचा. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती पोरीची उजळणी घ्यायची. पुस्तक मांडीवर धरायची, कधी उलटंही असायचं, अन् पोरगी म्हणून दाखवायची. पोरगी जराशी थांबली की ही म्हणायची, "चुकली. फिरून म्हन." पोरगी चिडायची, "आजी, तुले कुठी समजते?" ही म्हणायची, "मले पुस्तक समजत नाई, तू समजते. येत असतं तर अडकली असती का बे?" अन् दहातून नऊ वेळा पोरगी खरंच चुकलेली असायची. दहावीला शाळेत पहिली आली ती अशी.

आठ दिवस नात लिहीत बसली. निबंध इंग्रजीत. मी म्हटलं, मला वाचून दाखव, मराठीत करून. ती टाळत होती. रविवारी दुपारी मी तिच्या खुर्चीसमोर बाज ओढून बसलोच. सून भांडी घासत होती, मुलगा दारात मोटारसायकल पुसत होता.

नात वाचू लागली. तिची आजी निरक्षर होती. आजीनं आयुष्यात कधी मान वर केली नाही. आजी सगळं मुकाट्यानं सोसायची.

"थांब," मी म्हटलं. "हे कोनाची आजी?"

"आबा, ऐका ना."

"तुह्या आजीनं भर ग्रामसभेत सरपंचाले 'बस खाली' म्हनलं होतं. अन् तो बसला होता. मुकाट्यानं मी सोसलं, तिनं नाई."

सून तिकडून हसली. नातही हसली. म्हणाली, "सर म्हनले, बिचारी पाह्यजे. बिचारी नसली तर त्याईले वाचाव वाटत नाई."

"त्याले सांग, बिचारी पाह्यजे तर सोताची आजी लिही."

ती पुढं वाचू लागली. त्या दिवशी फोन केल्यावर दोन तास अँब्युलन्स आली नाही. आजोबा उन्हात रस्त्यावर उभं राहून वाट बघत होते. सरकारनं वेळेत गाडी पाठवली असती तर आज आजी असती. म्हणून तिला शिकून ही व्यवस्था बदलायची आहे.

मी शिवी द्यायला तोंड उघडलं अन् तसाच राहिलो. हे त्या बुलढाण्याच्या पोरग्यानं घातलेलं नव्हतं. हे माझं होतं.

आमच्याकडे माणूस गेलं की तेरवीपर्यंत लोक भेटायला येतात. येणारा प्रत्येक जण बसतो, जरा वेळ गप्प राहतो अन् मग विचारतो, "कसं काय झालं?" दिवसातून वीस वेळा. अमडापूरचे आले, सोनाळ्याहून तिच्या माहेरचे आले, वडनेरहून व्याही आले. प्रत्येकाला काहीतरी सांगावं लागतं, अन् चहा यायच्या आत संपेल एवढंच सांगावं लागतं. पहिल्या दिवशी मी एकाला म्हणालो, "गाडी उशिरा आली." तो म्हणाला, "हो ना, या लोकायचं असंच हाये." त्यानं मान डोलावली, मला बरं वाटलं. दुसऱ्यालाही तेच सांगितलं. चौथ्या दिवसापर्यंत उशीर एका तासाचा झाला, तेरवीला दोन तासांचा. मुलगा त्या दिवशी ड्युटीवर होता, नात चिखलीला कॉलेजात, सून माहेरी. पाहिलेलं कोणी नव्हतं.

आता तेच नातीच्या तोंडून ऐकलं अन् मला माझीच किळस आली. बुलढाण्याच्या पोरग्यानं माझ्या बायकोच्या मरणाचा सौदा केला म्हणून मी आठ दिवस चरफडत होतो. त्याच्या आधी दोन महिने मी तोच धंदा करत होतो.

मी म्हटलं, "हे खोटं हाये."

"कोनतं?"

"गाडीचं. गाडी अर्ध्या तासाच्या आत आली होती. ड्रायव्हरनं तिले एकट्यानं उचललं, मले काई सुचत नव्हतं. उशीर मी केला."

नातीनं कागद खाली ठेवला. मी सांगत गेलो. दुपारी बारा वाजता ती म्हणाली होती, छाती भरून आली. मी म्हटलं, गॅस हाये. ओवा अन् काळं मीठ दिलं. सोयाबीनवर फवारायचं औषध मी टाकीत कालवून ठेवलं होतं, पंप शेजाऱ्याचा आणलेला. कालवलेलं औषध वाया जाईल म्हणून मी वावरात गेलो. ती म्हणाली, "जा, पन लवकर या." मी सगळा तुकडा फवारून आलो. अडीच वाजले होते. ती भिंतीला टेकून बसली होती, लुगडं घामानं ओलंचिंब. तेव्हा मी फोन केला. दवाखान्याच्या वाटेवर, चिखलीच्या अलीकडेच गेली ती.

दारातला फडक्याचा आवाज कधी थांबला ते मला कळलं नाही. मुलगा उंबऱ्यात उभा होता.

"अन् आमी त्या ड्रायव्हरले शिव्या देत बसलो," तो म्हणाला. "तेरवीत शंभर मानसाइसमोर दिल्या मी. तुमी बाजूले बसून होते बाबा. तुमी मान हलवत होते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तो मोटारसायकल तशीच टाकून निघून गेला.

नात म्हणाली, "आबा, आता हे मी कसं देऊ?"

"मले इचारू नोको. मले सांगायचं तोंड नाई राह्यलं."

तिनं तो निबंध फाडला. नवा लिहिला तो उलट्या पुस्तकाचा. आजीला अक्षर येत नव्हतं तरी चूक पकडता यायची, तेवढंच. मरण त्यात एका ओळीत होतं, कोणावर ठपका न ठेवता. मास्तरचा फोन आला तेव्हा तिनं स्पीकरवर टाकला.

"हे गोड आहे, पण यात दुःख कुठाय? अँब्युलन्स काढली का? अगं, तोच तर पॉइंट होता!"

"ते खरं नव्हतं सर."

"तिथं तपासायला कोण येणार आहे? चान्स खाली येईल, सांगून ठेवतो. पंधरा टक्क्यांनी तरी."

"येऊ द्या," ती म्हणाली. हे विद्यापीठ तिनं नववीपासून मनात धरलेलं.

अर्ज गेला. मुलगा महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. ताट वाढलं, पाणी आलं, एवढंच. त्यात त्याची काही चूक नव्हती.

मग निकाल आला. पहिल्या फेरीत घेतलं नाही. साफ नाहीही म्हटलं नाही, दुसऱ्या फेरीत पुन्हा बघू म्हणाले. मास्तरनं लगेच कळवलं, 'मी म्हटलं होतं.' मेल्याला तेवढं बरोबर सांगता आलं.

मी नातीजवळ गेलो. "पोरी, माह्यामुळं गेलं का?"

"कोनाले माहीत आबा?" ती म्हणाली. डोळे सुजलेले होते, पण आवाज साधा होता. "त्या फाडलेल्या निबंधानंही गेलं असतं. हे टक्के कोन मोजते, कसे मोजते, कोनालेच माहीत नाई."

त्या पोरग्याच्या पंधरा टक्क्यांवर मी थुंकतो, पण मनात ते मोजतच राहतो. ती पोरगी खोटं लिहून तिथं गेली असती तर मला सुख झालं असतं का? झालं असतं, कदाचित. एवढा नालायक माणूस आहे मी.

संध्याकाळी मुलगा आला. तिनं त्याला सांगितलं, दुसऱ्या फेरीत निबंध बदलता येतो. सर बदल म्हणताहेत.

मुलानं माझ्याकडे बघितलं नाही. तिला म्हणाला, "तुह्या मनात काय हाये?"

"हाच राहू देते."

"मंग राहू दे," तो म्हणाला, अन् हातपाय धुवायला गेला.