बावीसपैकी बावीस समाधानी

दहा ऑगस्ट, शनिवार, पालकसभा. मागणी अठराशे रुपयांची, दर विद्यार्थ्यामागे, ‘डिजिटल शिक्षण शुल्क’ म्हणून. हजर होते प्राचार्य, वेल्डिंगचे सर, आम्ही नऊ पालक आणि मागच्या बाकांवर मुलं. जागा, खालापूर तालुक्यातली एक खाजगी प्रशिक्षण संस्था. माझी मुलगी तिथे वेल्डिंग शिकते.

शुल्क सिम्युलेटरसाठी होतं. डोक्यावर हेल्मेट चढवायचं, हातात प्लास्टिकचा होल्डर धरायचा आणि हेल्मेटच्या आत दिसणाऱ्या चित्रात लोखंड जोडायचं. जोडून झालं की गुण दिसतात. मुलीला नव्वदच्या खाली कधी पडले नाहीत. पण सोमवारी एका कारखान्यात शिकाऊ कामगार निवडणार होते आणि तिथे खऱ्या पट्ट्या जोडून दाखवायच्या होत्या. खऱ्या मशीनवर तिने वर्षभरात एकदाही हात चालवला नव्हता. ती मशीनं ताडपत्रीखाली झाकलेली होती, कारण जोडताना जळणाऱ्या रॉडला पैसे पडतात.

प्राचार्यांनी भिंतीवर विद्यार्थ्यांची मतं दाखवली. डिजिटल शिक्षणाबद्दल बावीसपैकी बावीस पूर्ण समाधानी.

मी मागे वळून मुलीला विचारलं, “तू असं कळवलंस?”

“मला कोणी विचारलंच नाय, बाबा.”

मग मागच्या बाकांवरूनच उलगडा झाला. वेल्डिंगच्या सरांनी हजेरीचा पट समोर ठेवून, एकेक क्रमांक टाकत, आपल्याच फोनवरून सगळ्यांची मतं भरली होती.

डोंगराखालच्या वाडीतली तिची मैत्रीण उठली. “सर, मी घरी रोज व्हिडिओ बघते असं पण भरलंत? आमच्या वाडीत रेंज नाय.”

“आणि तो माथेरानला घोडे धरतो त्याचं?” एक मुलगा म्हणाला. “दिवाळीपासून आलाच नाय तो.”

“तो घोड्यावर बसून समाधानी हाय रं!” दुसरा ओरडला.

सगळे हसले. सरही हसले, आणि त्या हसण्याची मला शिसारी आली. आपण पकडले गेलो आहोत याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

“संस्थेचं नाव झालं तर भलं तुमचंच ना गं?” ते म्हणाले.

मुलगी उभी राहिली. “सर, सिम्युलेटर वाईट नाय. हात कसा तिरपा धरायचा ते मला त्याच्यावरच कळलं. चुकलं तरी रॉड फुकट जात नाय. पण वर्षभर तेवढंच केलं. त्यात चटका नाय, धूर नाय, रॉड चिकटत नाय. सोमवारी मी काय करू?”

“बेटा, उद्याचं जग डिजिटल आहे,” प्राचार्य म्हणाले.

मी म्हणालो, “साहेब, अठराशे रुपयांत रॉडचे पाच पुडे येतात. मी आणून देतो. ताडपत्री काढा.”

“शुल्काऐवजी वस्तू घेत नाही आम्ही.”

बाकीचे पालक फोन काढून पैसे भरू लागले. शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, “जाऊ द्या हो, पोरांचं वर्ष आहे.” मी न भरता उठलो.

रविवारी मुलीला आणि तिच्या वाडीतल्या मैत्रिणीला कर्जतला खिडक्यांची ग्रिलं बनवणाऱ्या एका ग्रिलवाल्याकडे नेलं. पहिली ठिणगी उडाली तशी मुलीने मान फिरवली. रॉड पट्टीला चिकटला आणि ती होल्डर ओढत बसली.

“अगं ओढतेस काय, हिसका दे!” ग्रिलवाला ओरडला. “गेम खेळून आलीस काय?”

सकाळचा प्रत्येक सांधा हातोड्याच्या पहिल्याच घावाला सुटला. संध्याकाळी एक टिकला. तिच्या मनगटावर दोन फोड आले होते आणि ती खूश होती.

सोमवारी वाडीतल्या मुलीची निवड झाली. माझ्या मुलीला तीन महिन्यांनी या म्हणाले. सांधा बरा आहे, पण हात अजून कापतो, असं त्यांचं म्हणणं. परतताना एसटीत ती एवढंच म्हणाली, “एक महिना मिळाला असता तर झालं असतं, बाबा.” ज्यांनी तो महिना ताडपत्रीखाली घातला त्यांच्या भिंतीवर ती आजही पूर्ण समाधानी आहे.

ग्रिलवाल्याला दोघींचे मिळून, रॉड आणि वीज धरून, अकराशे रुपये दिले. दिवसभर मशीन अडलं म्हणून त्याने एक रुपयाही सोडला नाही, आणि ते मला पटलं.

शुल्क भरलं नाही म्हणून संस्थेने मुलीच्या परीक्षेचं प्रवेशपत्र अडवून धरलं होतं. ते सोडवायला गेलो तेव्हा तिथल्या कारकुनाने फोन पुढे केला. “पालकांचं मत भरायचंय.”

“तुम्हीच भरा,” मी म्हणालो, “तुमच्याकडे तशीच पद्धत आहे.”

अठराशे रुपये त्याच्या हातात मोजून दिले आणि पावती घेतली.