एसीत झोपलेलं यीस्ट

चौथीपर्यंतच शिकलोय, पण यीस्ट मला कळतं. कोणी ते मानायला तयार नव्हतं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

नव्वदच्या दशकात आखातात, अल क्वोजच्या लेबर कॅम्पात आम्ही आठ जण एका खोलीत. बिअर मीच बनवायचो. बिनदारूचं जवाचं पेय, साखर आणि पावाचं यीस्ट, पाण्याच्या कॅनमध्ये. पकडलं तर नोकरी गेली, थेट गावी. म्हणून माझ्याकडे घाईला जागा नव्हती.

आमचा एसी दिवसरात्र सोळावर. थंडीत यीस्ट मरत नाही, झोपतं. बुडबुडे थांबतात आणि अडाण्याला वाटतं, झालं. मी चमचाभर चाखायचो. गोड लागली म्हणजे यीस्टचं जेवण अजून बाकी. गोडी पार गेली की चिमूटभर साखर टाकून बाटलीत भरायची, मग गॅस धरायला चार आठवडे. उबेत दहा-बारा दिवस पुरतात, पण आमची खोली म्हणजे बर्फाचा कारखाना.

खोलीत गुहागरकडचा एक ड्रायव्हर होता, बारावी पास. मी ओव्हरटाइमला गेलो आणि याने कॅन काचेच्या बाटल्यांत भरून टाकला.

"काका, आठ दिवस झाले, एक बुडबुडा नाही. पाकिटावर लिहिलंय, तासाभरात काम होतं."

"ते पावाचं लिहिलंय. चाखलीस?"

"चाखायचं कशाला? मला वाचता येतं."

बाकीचे हसले. परत कॅनमध्ये ओत म्हटलं, तर त्याने बाटल्या आपल्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं. ट्रंक फोडायला हवी होती मी.

तिसऱ्या दिवशी एसीचा कॉम्प्रेसर बसला. ऑगस्ट महिना, खोलीची भट्टी झाली. यीस्ट उठलं, समोर साखर तयारच. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रंकेत एकामागून एक बाटल्या फुटल्या, आणि कॅम्प बॉस एसीवाल्याला घेऊन दारातच उभा.

"किसका है?"

"ट्रंक मेरा है साब," ड्रायव्हर म्हणाला, "पर बनाते काका हैं."

नाही कसं म्हणू? माझ्याशिवाय येतं कोणाला? मी म्हणालो, "बनाया मैंने, बिगाडा इसने."

"खलास. दोनों जाओ."

माझी अकरा वर्षांची नोकरी. विमानात सीटही शेजारीशेजारी मिळाली. तो म्हणाला, "काका, त्या एसीने घात केला हो आपला."

मुंबई येईपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही.