तपासणीपुरतं पुस्तक

शिरूरला राहायला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात उरकायच्या कामांची मी यादी केली होती. गॅस, शाळा, दूधवाला, दाताचा डॉक्टर, वाचनालय. पहिली चार कामं तीन दिवसांत झाली. पाचव्याला वर्ष लागलं.

आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग आहे. तसा ठळक बोर्ड आहे. बोर्डाखाली काचेचं कपाट, कपाटात रंगीत पुस्तकं, कपाटाला कुलूप. किल्ली सचिवांकडे. सचिवांचं मार्केट यार्डाजवळ खतांचं दुकान आहे आणि त्यांना सगळे आप्पा म्हणतात. नऊ वर्षांच्या माझ्या मुलीला सभासद करायला मी गेले, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी फॉर्म भरून घेतला, फोटो चिकटवला आणि मग सांगितलं, "बालविभागाची पुस्तकं घरी देत नाही आम्ही."

"मग इथं बसून वाचेल."

"किल्ली आप्पांकडं असते ना. आणि पोरं फाडतात हो पुस्तकं."

"आतापर्यंत किती फाडली?"

"दिलीच नाहीत तर फाडतील कशी?" बाई अभिमानानं म्हणाल्या.

हे कपाट वर्षातून एकदा उघडतं, ते अनुदानाच्या सरकारी तपासणीच्या दिवशी. आदल्या संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर निरोप येतो: मुलांना सकाळी दहाला स्वच्छ कपड्यांत पाठवावे, केस विंचरलेले असावेत. केसांचा आणि वाचनाचा संबंध मला अजून उमगलेला नाही. यंदा त्या सकाळी बाईंनी वीस-बावीस मुलं सतरंजीवर ओळीनं बसवली, प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक दिलं आणि सूचना केली, "साहेब आले की कुणी वर बघायचं नाही." माझ्या मुलीनं ती सूचना जरा जास्तच पाळली. साहेब आले, पोहे खाऊन, सही करून गेले, बाकीची मुलं पांगली, तरी ही मान खाली घालून वाचतच होती. शेवटी बाईंनी येऊन तिच्या हातातून पुस्तक ओढलं. "झालं बाळा. गेले साहेब."

नदीतल्या एका पाणमांजराची गोष्ट होती. ते मासेमाराच्या जाळ्यात अडकतं, काठावरच्या एका मुलीला दिसतं, ती पोहत निघते, इथपर्यंत हिचं वाचून झालं होतं. घरी येताना अर्ध्या रस्त्यात ही थांबली. मग म्हणाली, "आई, सुटलं असेल का ते?"

जेवताना तेच, वेणी घालताना तेच. या मुलीनं तोवर आपणहून एकही पुस्तक संपवलेलं नव्हतं. मी आणून दिलेली सगळी चार पानांवर मिटलेली. आता पहिल्यांदा तिला कशाचा तरी शेवट हवा होता. तो वेळेत मिळाला नाही तर तिची ओढ विरून जाईल, एवढं मला कळत होतं.

प्रकाशकाला फोन केला. आवृत्ती संपलेली. सासरी यवतला गेलो तेव्हा तिथल्या वाचनालयात गेले. बालविभागाच्या खोलीत लग्नाची भांडी रचलेली होती, आणि ती मात्र सगळ्या गावाला घरी नेता येत होती. दौंडला एका दुकानदारानं विचारलं, "ताई, शाळेसाठी हवंय का? पन्नास प्रती घेता का?" एका मुलीला एक पुस्तक हवं असतं, ही कल्पना तीन गावांत कुणाला सुचलेली नव्हती.

मग आप्पांचाच फोन आला.

"मॅडम, तुमची पोरगी तपासणीला लई मन लावून वाचत होती. फोटो झकास आलाय. कुटुंब वाचन मेळाव्यात तिला आदर्श बालवाचक करतोय. दोन मिनिटं बोलू द्या तिला त्या पुस्तकावर."

"आप्पा, अर्धंच वाचलंय तिनं."

"दोन मिनिटाला अर्धं बास झालं की!"

"पुस्तक घरी द्या, मग बोलेल."

"आधी भाषण, मग पुस्तक. आधी दिलं तर सगळेच मागत्याल."

इथं मी फोन ठेवायला हवा होता. मी हो म्हणाले. त्याच दुपारी सहा मुद्द्यांचं भाषण लिहून काढलं. पाचवा मुद्दा शेवटाचा. ग्रंथपाल बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी कुठं वाचलंय? लहान मुलांचं आहे, म्हणजे चांगलाच असणार शेवट." मग मीच लिहिलं, की मुलगी जाळं कापते आणि पाणमांजर सुळकन निघून जातं. सहावा मुद्दा, भूतदया.

"पण आपल्याला माहीत नाहीये ना?" मुलगी म्हणाली.

"असंच असणार. पाठ कर."

मेळावा मंगल कार्यालयात झाला. कुटुंबानं एकत्र बसून वाचावं असं निमंत्रणात छापलं होतं. सगळ्या सभागृहात एकही पुस्तक नव्हतं. पहिला दीड तास शाली आणि नारळ. मग पालकांसाठी संगीत खुर्ची, मातांसाठी उखाणे. प्रमुख पाहुण्यांनी मोबाइल सोडा म्हणून कळकळीनं सांगितलं, ते त्यांचा माणूस मोबाइलवर थेट दाखवत होता. माझ्या मुलीनं भाषण न अडखळता म्हटलं. पाणमांजर सुटलं तेव्हा टाळ्या पडल्या. पाहुणे तर म्हणाले, हे पुस्तक मीही लहानपणी वाचलंय, शेवटी डोळ्यांत पाणी येतं. इतक्या लोकांना मी मनातल्या मनात नावं ठेवत होते, आणि त्यांच्यातलं सगळ्यात सफाईदार खोटं माझ्या हस्ताक्षरात होतं.

आप्पांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून पुस्तक दिलं. "चार दिवसांत परत. आन् कुणाला बोलू नका."

मुलीनं ते त्याच संध्याकाळी संपवलं आणि स्वयंपाकघरात आली.

"ते मेलं."

"कोण?"

"पाणमांजर. ती पोहत जाईपर्यंत मेलेलं असतं. मी सगळ्यांना सांगितलं सुटलं म्हणून."

"कुणाच्या लक्षात राहणार आहे?"

"त्यांनी टाळ्या वाजवल्या." मग म्हणाली, "तू लिहिलं होतंस."

मी आप्पांना फोन लावला आणि ग्रुपवर दोन ओळींचा खुलासा टाका म्हटलं. ते खो खो हसले. "मॅडम, लोकांना सुटल्यालं आवडलंय. आता मारता कशाला त्याला?"

चौथ्या दिवशी पुस्तक परत करायला आम्ही दोघी गेलो. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी दोन-तीन म्हातारे बसले होते. मुलीनं पुस्तक बाईंच्या टेबलावर ठेवलं, वळली आणि माइकवर बोलली होती तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "मेळाव्यात मी सांगितलं ते चूक होतं. ते मेलं."

निधनवार्तांचं पान वाचणाऱ्या एका आबांनी पेपर खाली घेतला. "कोण मेलं गं?"

"पाणमांजर."

"कवा?"

"पान सत्तावन्नवर."

"आन् कशानं?"

तिनं खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बाईंनी 'शांतता राखा'च्या पाटीवर पेन आपटलं.

"ओ बाई, थांबा जरा," आबा म्हणाले. "हितं मयत झालंय."

बाईंनी कपाटात ठेवायला पुस्तक उचललं. मुलगी उठली, ते त्यांच्या हातातून परत घेतलं, आबांपुढे सत्तावन्नावं पान उघडलं आणि सांगायचं राहिलेलं पुढे सांगू लागली.