विनताबाई आणि भिंतीतला हात

विनता सोनवणे अचलपूरकडच्या खेड्यातली. बाप मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायचा, माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची. शिकून मास्तरीण झाली अन् जबलपूरला गोहलपुरातल्या मिशनच्या लहानशा शाळेत पोरांना पाढे शिकवायला लागली. लोक म्हणत, बाईला देवानं हाक मारली. ती म्हणायची, "हाक मारली, पन मले उशिरा आयकू आली. एका लेकराचा बाप कारखान्यात मेला. मी जाऊन त्याच्यापुढं शास्त्रातलं वचन वाचलं, तं लेकरू कानावर हात ठेवून किंचाळलं. तवापासून मी आधी बसते, मंग बोलते."

शाळा सुटली की ज्या घरात दुःख असेल तिथं ती जाऊन बसायची. पादरीसाहेबांना वाटे, बाईनं उपदेश करावा. बाई नुसती बसायची.

पासष्ट साल होतं. सीमेवर लढाई पेटलेली, खिडक्यांना काळे कागद डकवलेले, दारूगोळ्याच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या चालू. भोंगा वाजला की रस्ताभर सायकली. तोफगोळ्यांत दारू भरणाऱ्यांचे तळवे हळदीसारखे पिवळे पडत, कितीही घासले तरी जात नसत. मुरलीधर असाच पिवळ्या हाताचा माणूस. पोळ्याच्या आधी त्याची कारखान्यातली शेड पेटली, अन् घरी आली ती खिळे ठोकलेली पेटी. तोंड पाहू दिलं नाही. त्या दिवसापासून त्याची बायको इंदू एक शब्द बोलली नव्हती. कुंकूही पुसू देत नव्हती.

तेरवी आटोपली अन् मोठा दीर बाबाराव यानं घराला चुना मारला. दुसऱ्या दिवशी ओसरीत दाराजवळच्या भिंतीवर पिवळा पंजा दिसला. पाचही बोटं फाकलेली, खांद्याच्या उंचीवर. बाबारावनं पुन्हा चुना मारला. पंजा पुन्हा वर आला, आधीपेक्षा गडद.

"शनिवारी गढ्याहून भूत उतरवनारा गुनिया येऊन राह्यला," बाबारावनं विनताबाईला दारातच सांगितलं. "तो मिरच्यांची धुनी देईन, तापल्या चिमट्याचे चटके देईन. इंदूच्या अंगात बसलं आहे ते. हीच हात उमटवते."

"तुमी पाह्यलं काय तिले उमटवताना?"

"मंग कोन उमटवते? मी? दीदी, मले या घरात जेवाले भेव लागते."

"शुक्रवारी शाळा सुटल्यावर मले बसू द्या तिच्याजवळ. एकटीलेच."

"बसा. तुमच्या येशूच्यानं झालं तं पाहा. नाई तं चिमटा आहेच."

शुक्रवारी ती गेली तेव्हा उन्हं कलली होती. बाबारावनं दुपारीच तिसऱ्यांदा चुना मारलेला. भिंत ओली, पांढरीफटक. इंदू समोरच्या भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसली होती. विनताबाई तिच्याजवळ बसली. गल्लीत कोणी नव्हतं. लांबून कारखान्याची घरघर तेवढी येत होती.

भिंत वाळायला लागली अन् करंगळी वर आली.

विनताबाईनं डोळे मिटून उघडले. करंगळीजवळ दुसरं बोट होतं. मग तिसरं. कोणी आतून हळूहळू हात टेकत असावं तसं. तिनं प्रार्थना सुरू केली, पण "हे आमच्या स्वर्गातील पित्या" यापुढचं काही आठवेना. उठून पळावंसं वाटलं. पण ती पळाली तर उद्या चिमटा होता. ती भिंतीपाशी गेली अन् पंज्यावर बोट ठेवलं. भोवतालचा चुना गार होता. पंजा कोमट लागला.

ती परत येऊन बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "इंदू, मुरलीधरजी तिथं हात टेकून काय करत जात?"

इंदूचे ओठ हलले. आवाज आला तो गंजल्या कडीसारखा.

"चपला घालत."

"रोज?"

"रोज. त्या दिवशी पानी मांगतलं. पायात चपला होत्या, आत कसे येतीन? मी रागात होती. रविवारचीबी पाळी काहून घेतली मनून भांडली. मनलं, कारखान्यात प्या. मंग तसेच गेले." तिनं भिंतीकडं पाहिलं. "गेले नाईत, बाई. उभे आहेत."

विनताबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. रोजचा हात भिंतीत मुरला, आधी मळक्या भिंतीवर कळत नव्हता, आता चुन्याच्या ओलीनं वर येतो. उत्तर खरंही असेल. तिनं ते गिळलं.

"मंग पानी दे ना."

इंदू उठली. माठातून गिलास भरला, उंबऱ्यावर ठेवला. भिंतीला म्हणाली, "घ्या जी. मी भांडत नाई आता." अन् तिथंच मटकन बसून अशी रडली की गल्लीतली दारं उघडली. विनताबाईनं तिला आत नेऊन निजवलं.

शनिवारी गुनिया चिमटा खांद्यावर टाकून आला. दारात इंदूच उभी, कपाळ मोकळं. "माझा नवरा मेला, बाबा. भूत नाई झाला. चहा घेता?" गुनिया चहा पिऊन गेला. बाबाराव दिवसभर मान खाली घालून होता.

पादरीसाहेबांच्या कानावर गेलंच. "बाई, आता भिंतीला पाणी पाजता?"

"तान्हेल्याले पाजलं, साहेब," ती म्हणाली.

एक गोष्ट मात्र तिनं त्यांना सांगितली नाही, इंदूलाही नाही. शुक्रवारी इंदूला निजवून ती दारात आली, तर गिलास रिकामा होता. उंबरा कोरडा. गिलासाच्या कडेवर बाहेरच्या बाजूनं अंगठ्याचा पिवळा ठसा होता. तिनं गिलास राखेनं घासला अन् पालथा घातला.

पुढं ती म्हातारी होईस्तोवर कितीतरी घरी बसायला गेली. दारात चपला काढताना मात्र तिनं कोणत्याच भिंतीला हात टेकला नाही.