बडनेऱ्याची सिस्टर

आमच्या गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणतात. ती मिशनची नर्स. तरुणपणीच आफ्रिकेतल्या एका गरीब खेड्यात बाळंतपणं करायला गेली आणि तिकडचीच झाली. चार-पाच वर्षांनी बडनेऱ्याला सुटीवर यायची, तेव्हा ओट्यावर म्हाताऱ्या मायजवळ बसून तुरीच्या शेंगा सोलायची. बोलणं अजून जुनं वऱ्हाडी. आमची पोरं मराठीत इंग्रजी कालवू लागली की विचारायची, "असं काहून बोलता रे?"

या खेपेला मिशननं तिला कायमचं इथंच राहायची मोकळीक दिली होती. भावानं खोली रंगवून ठेवली. माय तर तिला नजरेआड होऊ देत नव्हती.

एका दुपारी मी तिथं बसलो असताना तिकडच्या एका बाईचा फोन आला. सिस्टर त्यांच्या भाषेत बोलू लागली आणि खळखळून हसली. इतकं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मात्र नुसतीच बसून राहिली.

"काय म्हणे थे?" मायनं विचारलं.

"मी कवा येतो, इचारून राहिली."

माय तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "जाय मंग. मीबी इतकी वर्सं हेच इचारत होती."

पुढच्या आठवड्यात सिस्टर गेली. आता संध्याकाळी मी दिसलो की माय विचारते, "तिकडं किती वाजले असतीन?"

मी सांगतो, दुपार असेल.

"मंग जेवली असन थे," असं म्हणून ती आत जाते.