हिरामावशी आणि आमचे बुडवलेले हात

एका दिवसाच्या सुट्टीनंतर ड्यूटीवर आले, तर नऊ नंबरची खाट रिकामी. चादरसुद्धा बदललेली. "हिरामावशी काल संध्याकाळी गेल्या," दुसरी सिस्टर म्हणाली. मी हजेरीवर सही केली आणि त्यांचा केसपेपर काढला… जखम भरत आलीय, असं त्यावर मीच लिहिलं होतं.

लासुर्ण्याच्या हिरामावशी आमच्या बारामतीच्या इस्पितळात बारा वर्षं आया होत्या. राउंडला डॉक्टरांमागे त्या जंतुनाशकाच्या पाण्याचं भांडं घेऊन चालायच्या, खांद्यावर टॉवेल. रोगी तपासला की डॉक्टर भांड्यात हात बुडवत, टॉवेलला पुसत आणि पुढच्या खाटेकडे वळत. मागोमाग मी. शेवटच्या खाटेपर्यंत पाणी तेच, टॉवेल तोच. हात कसे धुवावेत यावर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिलेलं. मावशींनी शाळा पाहिली नव्हती.

"सिस्टर, ह्या पाण्यात मी घरची भांडी बी इसळायची न्हाय. नळ हाय की तितं."

"दर वेळी नळावर गेलं तर राउंड दुपारपर्यंत चालेल, मावशी. तुम्ही फक्त भांडं धरा."

"धरते की. बघू बी नको व्हय?"

एकदा त्यांनी राउंडमध्येच ते पाणी मोरीत ओतलं. डॉक्टरांसमोर मी त्यांना झापलं.

मग घरच्या उसात पाचट गोळा करताना त्यांच्या पायात खुंट घुसला. साखरेचा आजार होताच; आमच्याच वॉर्डात दाखल झाल्या. जखम भरत आली होती. एका सकाळी मी आठ नंबरच्या रोग्याची पू झालेली जखम पुसली, भांड्यात हात बुडवले आणि त्यांची पट्टी सोडली.

"धुतलं का हात?"

"हो, मावशी."

दोन दिवसांनी ताप चढला. पुढचा दिवस माझ्या सुट्टीचा होता.

दहाव्याला लासुर्ण्याला गेले. त्यांच्या मुलानं विचारलं, "बाई, आई बरी व्हत आलेली. मग असं कसं झालं?"

"साखर होती ना," मी म्हणाले.

"व्हय. तुमी हुता तितं, म्हणून आमाला घोर नव्हता."

मी चहा प्यायले आणि एसटीनं परत आले. माझ्या हातांनीच झालं, हे सिद्ध करता येणार नाही. नाही झालं, हेही मला म्हणता येत नाही… भांडं आता बंद केलंय. डॉक्टर कुरकुरतात, राउंड लांबतो. हा मजकूर छापून येण्याआधी मी लासुर्ण्याला जाणार आहे. हे मावशींच्या मुलानं पेपरात वाचू नये, माझ्याकडून ऐकावं.