एलिदानं सोडलेलं नाटक

दोलोरेस गावातल्या निम्म्याअधिक पुरुषांची डोकी एबेर लारोसाच्या हाताखालून गेली होती. केस कापता कापता गिऱ्हाइकाला आठवड्याच्या पिक्चरची गोष्ट सांगायची त्याला भारी हौस. दर रविवारी दुपारी तो, बायको एलिदा आणि मुलगी माबेल गावातल्या एकुलत्या थिएटरात जाऊन बसायचे. एबेर पडद्यावरच्या माणसांशी मोठ्यानं बोलायचा, "अरे बाबा, मागे बघ, मागे!" लोक वळून हसायचे आणि माबेल लाजून खुर्चीत खाली सरकायची. एलिदाला कशाचंच भान नसायचं. घरी आल्यावर भांडी घासताना ती नटीचे संवाद जसेच्या तसे म्हणायची, हुंदक्यांसकट.

एकदा ते खिडकीतून ताबारे मास्तरांच्या कानावर पडलं. मास्तरांची हौशी मंडळी क्लबच्या हॉलमध्ये वर्षाला एक नाटक बसवायची. त्यांनी एलिदाला विधवेचं काम देऊ केलं.

"घे की," एबेर म्हणाला. "नाहीतरी घरात रोज नाटकच चालतं."

दोन महिने तालमी चालल्या. प्रयोगाला हॉल भरून गेला. एबेर आणि माबेल पहिल्या रांगेत, शेजारी खाटीक नेल्सन, मागे सगळी गिऱ्हाइकं. तिसऱ्या अंकात विधवा मेलेल्या नवऱ्याचा कोट छातीशी धरून रडते. तो कोट एबेरचाच होता, एलिदानं कपाटातून नेलेला. तो पाहून एबेर डोळे पुसायला खिशातला रुमाल चाचपू लागला. तेवढ्यात नेल्सन कानाशी पुटपुटला, "मेलास की रे, एबेर. कोटही गेला."

एबेर हसला. ते गावाला ठाऊक असलेलं खो खो हसू होतं. त्याच्यामागून सगळा हॉल हसला. एलिदा क्षणभर थांबली, मग उरलेले संवाद नीट म्हणून तिनं अंक संपवला.

घरी चालत येताना तो म्हणाला, "छान केलंस तू."

"हो," ती म्हणाली. "कोट धुवायला टाकते."

पुढच्या रविवारी ते पिक्चरला गेले, त्यापुढच्याही. पण मोरीतून संवाद ऐकू येईनासे झाले. हे एबेरच्या लक्षात यायला कित्येक महिने गेले. त्यानं विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

वर्षं गेली. माबेल राजधानीत, मोंतेविदेओला नोकरीला गेली. थिएटर बंद पडून तिथं फर्निचरचं दुकान आलं. एबेर सत्तरीला टेकला तरी जुन्या गिऱ्हाइकांपुरता वस्तरा चालवत होता. एका सकाळी ताबारे मास्तर दाढीला आले. फेस लावून घेताना सहज म्हणाले, "तुझ्या बायकोसारखी बाई मला पुन्हा मिळाली नाही. तीन वर्षं ओळीनं विचारलं तिला. दरवेळी एकच उत्तर, मी काम केलं की एबेरला लोकांत अवघडल्यासारखं होतं."

एबेरनं वस्तरा खाली ठेवला.

दुपारी घरी जाऊन त्यानं विचारलं, "मास्तर विचारायला येत होते, हे मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? माझी लाज वाटली तुला. दिसलं की मला स्टेजवरून."

"लाज नाही गं. रडू येत होतं. नेल्सन काहीतरी बरळला आणि ते हसू होऊन बाहेर पडलं."

एलिदा कडू चहासाठी पाणी तापवत होती. तिनं किटली चुलीवरून उतरवून ठेवली.

"मग हे तेव्हा सांगायचंस, म्हाताऱ्या."

दुसऱ्या दिवशी एबेर स्वतः सिल्वानाकडे गेला. ती माबेलची वर्गमैत्रीण, मंडळी आता तीच चालवायची. तिनं आनंदानं एलिदाला आजीचं छोटं काम दिलं, अकरा वाक्यांचं. स्वयंपाकघरात एबेर समोर बसून बाकीच्यांचे संवाद वाचायचा आणि एलिदा आपले म्हणायची. चार वाक्यं धड जायची, पाचवं निसटायचं. पाचवं बसलं की दुसरं जायचं. पंधरा दिवसांनी तिनं संवादांची वही मिटली.

"पुरे. तेव्हा मला सगळ्या पात्रांचं पाठ होतं."

वही परत द्यायला एबेरच गेला. सिल्वानानं विचारलं, "मावशी घाबरल्या का?"

"घाबरेल कशाला? उशीर झाला," तो म्हणाला. "माझ्यामुळे झाला." हे त्यानं दुसऱ्या माणसासमोर पहिल्यांदाच कबूल केलं.

आजीचं काम पोस्टातल्या एका बाईनं केलं. प्रयोगाला माबेल मुद्दाम आली आणि तिघं शेजारी शेजारी बसले. एलिदानं शेवटपर्यंत मन लावून पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि बाहेर पडल्यावर म्हणाली, "बाई बरी होती. पण सारखी लोकांकडे पाठ करत होती, नाही का?"

"हो," एबेर म्हणाला. त्यानं नाटक पाहिलंच नव्हतं. सगळा वेळ तो एलिदाकडेच बघत बसला होता.